कन्हानच्या पलीकडे

निहारनं अ‍ॅरिझोनाहून फोटो पाठवले.
लाल दरी, थरांवर थर,
तळाला दोऱ्याएवढी नदी.
पुढच्यात द्राक्षांचे मळे, टेबलावर सहा पेले,
घोट घ्यायचा, चव सांगायची,
थुंकूनही टाकतात म्हणे.
बाबांनी फोन लांब धरला, जवळ धरला.
"एवढ्यासाठी इमान कायले पाह्यजे?
काढ गाडी."

एकावन्नाव्या वर्षी शिकले मी चालवायला.
इंदोरा चौकात दोनदा बंद पडली.
मागचा ऑटोवाला जे बोलला
ते बाबांना ऐकू गेलं नाही,
त्यांच्या कानात अजून डंपर चालतो.

कामठी. मग पूल.
चैत्रातली कन्हान, अर्धी रेती,
रेतीत डांगराच्या वाड्या,
एक बाई ओंजळीनं वेलाला पाणी पाजत होती.
पलीकडे डोंगर सुरू झाले,
जे शाळेच्या नकाशात नव्हते:
उपसलेल्या मातीचे, माथ्यावर कंपनीच्या बाभळी.

गेटवरचा पोरगा ओळखेना.
बाबांनी शर्टाची दोन बटणं काढली,
खांद्याखालचा निळा डाग दाखवला,
कातडीत शिरून तिथंच राहिलेला कोळसा.
पोरानं आडवा बांबू उचलला.

आणि मग जमीन संपली.

वर काळी माती, हातभर.
खाली पिवळी, खाली मुरूम, मग फिका वाळूचा दगड,
आईच्या पेटीतल्या लुगड्यांसारखे एकावर एक,
आणि सगळ्यात खाली काळं,
त्यावर मुंगीएवढा डंपर.
तिकडची दरी नदीनं कोरली, कोटी वर्षं लावून.
इथं नदी नव्हती. तीन पाळ्या होत्या,
अठ्ठावीस वर्षं.

बाबांनी बोट केलं. खाली नाही,
समोर, रिकाम्या हवेत.
"थे पाह्य, तिथं शाळा होती आपल्या पिपळडोहची.
उजव्या हाताले इहीर.
अन् थे घार फिरून राह्यली ना,
तिच्या जराशी खाली आपली न्हाणी.
तुही माय खासरातून तिथंच उतरली,
नवी नवरी."

मी हवेकडे पाहत राहिले.
घार न्हाणीतून आरपार गेली,
कशालाच अडली नाही.

मी काही विचारलं नाही.
तेच म्हणाले, गाडीत बसताना, पट्टा शोधत,
"मंगळवार होता. दुपारची पाळी.
शाळेची माती माह्याच डंपरात आली.
तिसऱ्या फेरीले."

मनसरपर्यंत कुणीच बोललं नाही.
मँगनीजचे ट्रक, टायरची दुकानं, माकडं.
देवलापारच्या अलीकडे
रस्त्याला वास सुटला, गोड, जरा कुजका,
मी काच खाली केली.

पुनाराम उईके, त्यांच्याच पाळीतला,
पैसे हाती पडले तसा जंगलात परतलेला.
अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली,
मनुकांच्या रंगाची, कोंबड्यांना हाकलत
इमलाबाईनं गिलास आणला.
पहिला थेंब जमिनीला.
दुसरा चुलीत, निळी जाळ भपकन उठली,
म्हणजे चांगली आहे.
तिसरा बाबांना.
मी गाडी चालवणारी, मला नुसता वास.

निहारनं लिहिलं होतं, त्याला त्याच्या पेल्यात
चामडं सापडलं, जुनं लाकूड, चेरी.
मी विचारलं, "बाबा, कशासारखी लागते?"
पुनाराम हसला. दारूला असं कोण विचारतं?
पण बाबा डोळे मिटून बसले,
घोट गालात धरून, फार वेळ.
"ओल्या फरशीवानी," ते म्हणाले.
"तापल्या पाण्याचा धूर. शिकेकाई."
आणि गिलास पालथा घातला.

परतीला ते झोपले, तोंड उघडं ठेवून.
टोलच्या रांगेत फोन वाजला.
मी दरीचा म्हणून पाठवलेल्या फोटोत
नुसतं आभाळ आलं होतं, पांढरं,
कोपऱ्यात एक काळा ठिपका.
निहार विचारत होता, मावशी, हे कशाचं?

मागून हॉर्न.
पहिला गिअर, दुसरा.
घरी गेल्यावर सांगेन.