नंतर बघू

बर्फ भरून होईपर्यंत
हर्णैच्या धक्क्यावर मी सिनेमे डाउनलोड करून ठेवतो.
चौदा झालेत. त्यातला एक
दोन हंगामांपूर्वीचा, अजून न उघडलेला.
चित्रात एक मुलगी उंबरठ्यावर,
तिचा पाय आत पडलेलाच नाही.

मुजीबचं काही साठत नाही.
रेंज आहे तोवर समोर येईल ते बघतो:
कुस्ती, केक, कुणाच्या तरी सासूचं भांडण.
परवा कुठल्याशा भाषेतला नाच बघत
जाळं उलटं सांधलं,
आणि तांडेलाच्या शिव्याही
करमणूक म्हणून ऐकून घेतल्या.

मी म्हणतो, बघायचं तर नीट.
जेवून, हात धुऊन, दोन्ही कानांत बोंडं घालून.
सुरमईची तुकडी मी लहानपणीही शेवटाला ठेवायचो;
मधल्या भावाने दोनदा उचलली.

तिसऱ्या रात्री किनाऱ्याचे दिवे बुडाले.
लाट नव्हती. तांडेल घोरत होता.
मी तो जुना उघडला.
मुजीब खांद्याशी येऊन टेकला,
एक बोंड त्याला दिलं.

नाही आवडला.
दोन वर्षांपूर्वी आवडला असता.
तेव्हा दापोलीच्या स्टँडवर
साडेपाचच्या गाडीला
कुणीतरी थांबायचं माझ्यासाठी.

मुजीब मात्र बाहीने डोळे पुसत होता.
"कसला भारी रे! अजून काय आहे?"

तेरा, म्हटलं,
आणि फोन त्याच्याच हातात दिला.
बॅटरी एकोणीस टक्के.