साडेतीनशेत काय येतं

दिवाळीआधीचा शुक्रवार, म्हापशाचा बाजार,
आणि माझ्या बटव्यात साडेतीनशे.
बसचे वेगळे, आतल्या कप्प्यात.

पंधरा वर्षांच्या मुलाला काय द्यायचं असतं
कुणी सांगेल का?
पाचाचा होता तेव्हा सोपं होतं,
शिट्टी आणली तरी आठवडाभर घर डोक्यावर.
आता विचारलं तर म्हणतो, 'काय नको.'
दोन शब्द. तेही मोबाईलकडे बघून.

शर्ट? खांदे महिन्यागणिक बदलतायत.
फुटबॉलचे बूट तो ज्योकीला दाखवत होता,
किंमत कानावर आली तशी मी
आधण आलं का बघायला आत गेले.
कानात घालायची ती बोंडं मिळतात दोनशेला,
पण आधीच हाकेला ओ देत नाही,
त्यात पैसे मोजून बहिरेपण आणू?

गऱ्यांच्या दुकानाशी बराच वेळ थांबले.
निळी दोरी, शिशाचे मणी.
शापोऱ्याच्या काठी बसेल संध्याकाळचा, वाटलं.
मग आठवलं, ते वेड माझ्या भावाचं.
ह्याला मासा ताटातच आवडतो.

मयड्याच्या केळ्यांवरून, चोरीसांच्या माळांखालून
कायतानकडे पोचले ती खरं तर
मोरीच्या नळाचा वायसर घ्यायला.
'कितें जाय, बाय?'
आणि बोट गेलं भलतीकडेच.
पितळेचं. काजूच्या बोंडाएवढं कुलूप.
दोन किल्ल्या, तारेत ओवलेल्या.
एकशे ऐंशी. वायसर फुकट घे म्हणाला.
उरलेल्यांची शेवटी गरी घेतलीच,
कुणासाठी ते विचारू नका.

घर आमचं दीड खोलीचं,
शिवोलीला, भाटकाराच्या माडांत.
दारं दोन, पुढचं आणि मागचं,
मधे साडीचा पडदा.
उर्वेशच्या मालकीची म्हणावी तर एक पत्र्याची ट्रंक,
माझ्याच लग्नातली, खाटेखालची.
तिच्यात काय आहे मला ठाऊक आहे.
म्हणजे, होतं ठाऊक.
झाडताना उघडायचे ना मी, उगाच.

रात्री ह्यांनी कुलूप तळहातावर तोललं.
'लपवण्यासारखं आहे काय त्याच्याकडे?'
म्हटलं, नसेल तर होऊ दे.

नरकासुर जाळून पहाटे आला,
केसांत गवत, मनगटापर्यंत खळ,
आवाज पार बसलेला. तसा फुटलेलाच होता वर्षभर.
आंघोळ झाली, तुळशीपुढे कारीट फोडलं,
पानावर पाच तऱ्हेचे फोव, ताकातले आधी,
आणि पानाशेजारी वर्तमानपत्राची पुडी.
'कुलूप?'
'हं.'
'कशाला?'
'तुझं तू बघ.'
आणि मी फोव वाढत राहिले, नको म्हणाला तरी.

मिठी वगैरे सोडाच, हसलाही नाही.
दुपारी खाटेखालून आवाज आला. खट्.
मग उघडून, पुन्हा एकदा. खट्.
ह्यांनी पेपर थोडा खाली केला,
माझ्याकडे बघितलं,
परत वर केला.

चार दिवसांनी पाहिलं,
दुसरी किल्ली पुढच्या दाराच्या खिळ्याला,
स्कूटरच्या किल्लीमागे.
विसरला, की ठेवली?
विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाला असता, 'काय नाही.'

आता केरसुणी ट्रंकेला वळसा घालून जाते.
आत काय असेल ते असो,
हल्ली ती ओढताना जड लागते एवढं खरं.
इथली हवा खारी, पितळसुद्धा काळवंडतं,
म्हणून महिन्यातून एकदा
खिळ्यावरच, न काढता,
किल्लीवरून खोबरेलाचं बोट फिरवते.