अडीच आटे

कणकुंबीच्या वळणावर गेल्या मे महिन्यात
डॅशवरचा लाल दिवा लागला,
तेव्हा हेड वाकून झालं होतं.
दिव्याला फक्त निकाल सांगता येतो.

म्हणून हा काटा. आणि त्याचा पितळी सेन्सर,
अंगठ्याएवढा.
अडीच आटे बसला नि अडला.
पाना लावणार, तोच भरमाणी म्हणाला, थांब की,
आटे सारखे दिसत्यात, गाव वेगळं हाय.

उद्यमबागेत त्याच्या लेथवर
पितळेचा तुकडा गरगरत राहिला,
बाहेरून इंजिनचे आटे, आतून सेन्सरचे,
मधे भिंत नखाएवढी.
शेजारच्या लेथवरून ईरप्पा म्हणाला, साकु.
भरमाणीनं हत्यार मागं घेतलं.

घरी मी टेफ्लॉन टेप गुंडाळली, सात वेढे,
एक थेंब गळायला नको.
गळला नाही.
काटाही हलला नाही.
रेडिएटरची नळी चटका देत होती
नि काचेमागं कडाक्याची थंडी.

फोनवर तो: किती गुंडाळलास?
एकच वायर हाय त्याला. उरलेलं
इंजिनच्या अंगाला अंग लावूनच सांगतंय ते.
तोंड बांधून ठेवलास,
आणि आता काट्याकडं काय बघूलास?

पाच वेढे सोडले.

आता घाट चढताना काटा ऐंशीच्या पुढं,
जरासा थरथरता.
सेन्सरच्या गळ्याशी कधी एक थेंब येतो, वाळतो,
हिरवट डाग ठेवतो.
मी पुसत नाही.