दोन सूत

सकाळी पहिल्या फेरीला काहीच नसतं.
ओल्या वाळूवरून, कुर्ल्यांच्या भोकांवरून
गाडी सरळ निघते, चारी चाकं हलकी.

तिसऱ्या फेरीपासून मागून कुणी धरल्यासारखी.
गिऱ्हाईक म्हणतं, दादा, पळत नाही ही.
थ्रॉटल सोडला की जागच्या जागी.
ढकलायला दोन माणसं, आणि तीही शिव्या देत.
चौथ्या फेरीनंतर मी मागच्या डिस्कवर थुंकलो.
चर्र.
सोलकढीच्या फोडणीलासुद्धा एवढा आवाज होत नाही.

इनास देवबागेतून आला, स्कूटरवर,
पायाशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा, डब्यात पाने.
सुरूच्या सावलीत मागचं धूड दोन चिऱ्यांवर चढवलं.
न्यूट्रल. हाताने चाक फिरवलं.
पाव फेरी, आणि गप्प.

मी म्हटलं, पिना धरल्या असणार, खारं पाणी.
त्याने पिना काढल्या: ग्रीस होतं, सरकत होत्या.
मी म्हटलं, हँडब्रेकची केबल.
केबल सोडवून लोंबत ठेवली. चाक तसंच.
मी म्हटलं, पॅड नवीन आहेत, जाड असतील.
तो म्हणाला, ‘तू वायच गप ऱ्हव.’

मग निपलला नळी लावली, आठचा पाना, अर्धा आटा.
चहासारखं काळं तेल पिचकारून आलं
आणि चाक सुटलं.
फिरलं, फिरत राहिलं, वाळूचे कण उडवत.
‘चाकाचो दोष नाय. वर बग.
दाबलेला तेल परत जाना नाय.’

निपल बंद केला, पॅडल दाबलं, चाक पुन्हा धरलं.
या खेपेला पाइप वरच्या टोकाशी ढिला केला, मास्टर सिलिंडरपाशी.
तिथेही सुटलं.
म्हणजे पाइप आतून सुजलेला नाही. आणखी वर.

राहिलं पॅडल.
त्याने एका बोटाने हलवून पाहिलं.
हललंच नाही. न दाबताच दाबलेलं होतं.
रॉडवरचा नट सगळीकडे तांबेरलेला,
फक्त कडा नव्या, पाना घासून चकचकीत.
‘ह्यो कोणी आवळल्यान?’

मी काही बोललो नाही.

मागच्या अमावास्येच्या उधाणात
इस्लामपूरची एक मुलगी, असेल नऊ-दहा वर्षांची, वडिलांच्या पुढे बसून,
रापणीच्या दोराकडे गेली होती घसरत.
दोर ताणलेला, तिच्या गळ्याच्या उंचीला.
गाडी थांबली. हातभर अलीकडे.
ती हसत होती. तिचे वडीलही हसत होते.
तिकिटांच्या खुर्चीवरून बाबा उठून उभे होते
आणि बराच वेळ बसले नाहीत.
संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे बाराचा पाना मागितला.
म्हणाले, बोटीच्या पंख्याक होयो.
मी दिला.
बोट विकून दोन पावसाळे झाले होते.

इनासने नट सोडला, रॉड फिरवला, बोटाने पॅडल हलवलं,
पुन्हा थोडा फिरवला.
दोन सूत पोकळ, मग ब्रेक.
तेल काढलं, नवं भरलं, हवा काढली, पॅडल दाबायचं काम माझं.

बाबा आले. अनवाणीच.
पॅडलवर पाय ठेवला, पहिला रिकामा भाग
त्यांच्या तळव्याला लागला.
‘ह्या ढिला हा.’
‘तितक्या होयाच, तांडेलानू,’ इनास पाने पुसत म्हणाला,
‘नायतर गरम झालेला तेल खंय जातला?’

बाबा समुद्राकडे पाहत राहिले,
जसं कोणी त्यांना भरतीची वेळ चुकीची सांगितली आहे.

पाचव्या फेरीनंतर थुंकलो.
थुंकी डिस्कवरून सावकाश ओघळली.
बाराचा पाना डब्यात परत आला होता,
खोबरेल लावून, फडक्यात.

साडेपाचला एक लहान मुलगा बसला.
मी मागे बसलो, गाडी सोडली.
वळताना खुर्चीकडे पाहिलं:
हातात तिकिटांचं पुस्तक,
उजवा पाय वाळूत घोट्यापर्यंत दाबलेला,
आणि अंगठ्याभोवती पाणी साचत होतं.