वाटखर्च

साओ जोआकिमला जूनमध्ये गवत काचेसारखं मोडतं.
अशाच एका सकाळी दोना झुल्मिराचा निरोप आला:
शॉवर परत कोमट. यंदा तिसऱ्यांदा.

आमच्याकडं पाणी तापतं ते थेट डोक्यावर,
प्लॅस्टिकच्या पांढऱ्या घुमटात, तारेच्या एका वेटोळ्यावर.
त्या वेटोळ्याचं दुकानातलं नाव रेझिस्टेन्सिया.
रोध. कागदात गुंडाळून सुटा मिळतो.
म्हातारीनं दोन आणून बसवले होते.
दोन्ही नवे, दोन्ही कोमट.

ओटासिलियोमामानं घुमट उघडलासुद्धा नाही.
शॉवर सोडून ठेवला,
वायरीला मीटरचा चिमटा लावला
आणि सफरचंदाच्या खोक्याची एक फळी माझ्यापुढं सरकवली.
"लिही. फाटकापाशी, खांबावर, दोनशे वीस व्होल्ट.
इथं एकशे अठ्ठ्याण्णव.
अँपिअर साडेबावीस. बोल आता."

बोटं गारठलेली. पेन्सिल दोनदा पडली.
व्होल्ट भागिले अँपिअर: आठ पूर्णांक आठ ओहम.
घुमटावर छापलेल्या आकड्यांवरूनही तेवढेच येत होते.
म्हणजे रोध बिचारा निर्दोष.
मग गुणाकार: चार हजार चारशे पंचावन्न वॅट,
छापलेत पाच हजार पाचशे.
दाब दहावा हिस्साच उतरला होता,
पण तो एकटा उतरत नाही,
प्रवाहालाही हाताला धरून खाली नेतो;
ऊब जाते ती जवळजवळ पाचवा हिस्सा.

"आणि मधले बावीस व्होल्ट कुणी खाल्ले?"
बावीस गुणिले साडेबावीस.
चारशे पंच्याण्णव वॅट, मी म्हटलं.
"वायरीचा वाटखर्च," मामा म्हणाला, आणि बाहेर गेला.

बाहेर कुंपण पांढरं, छप्पर पांढरं,
सफरचंदाच्या निष्पर्ण फांद्या पांढऱ्या,
आणि त्यांच्यावरून बेचाळीस मीटर
एक काळी, ओली, बारीक वायर,
जिच्यावर दव गोठायला तयार नव्हतं.
तिच्यावर ओळीनं सात तिको-तिको,
पिसं फुगवून, पाय पोटाखाली घेऊन.

दोना झुल्मिरा दारात आली, हातात मातेचा कप.
"हे रोज येतात, मी न्हायला गेले की.
मला वाटायचं, मी गाते म्हणून."

मोरीत पाणी एकटंच पडत होतं.
कुणी गात नव्हतं.
तिनं एकदा मोरीकडं पाहिलं, एकदा पाखरांकडं,
आणि कप तसाच धरून उभी राहिली.

वायर आर्जेमिरोनं ओढली होती, तिच्या नवऱ्यानं,
लग्नाच्या वर्षी, एका दिव्यासाठी.
मी फळी उलटी केली.
साठ वॅटचा दिवा, पाव अँपिअरहून किंचित जास्त;
तेवढ्याला वाटेत पाव व्होल्टच खर्ची पडतो,
त्या उबेवर मुंगीचाही पाय शेकायचा नाही.
तिला म्हटलं, त्यांनी वायर चुकीची नव्हती घेतली.
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "शॉवर मी मागून घेतला."

दिवसभरात करंगळीएवढी जाड वायर ओढली.
जुनीचं भेंडोळं तिनं मागून घेतलं
आणि चुलीमागं टांगलं, कशाला ते सांगितलं नाही.

दुसऱ्या पहाटे तपासायला गेलो.
मोरीत दोनशे सोळा व्होल्ट.
खिडकीतून वाफ, इतकी की झाड दिसेना,
आणि आतून दोना झुल्मिरा गात होती,
घराला लागेल त्याहून बऱ्याच मोठ्यानं.

मामानं किल्ली फिरवली नाही.
नवी वायर टोकापासून टोकापर्यंत पांढरी.
एक तिको-तिको आला, बसला,
एक पाय उचलला, मग दुसरा,
थोडा वेळ तसाच थांबला.