ओळख पटविणार

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर, कडुनिंबाखाली
निळी ताडपत्री, एक टेबल, दोन खुर्च्या,
त्यातली हलणारी माझी.
एकवीस वर्षं शिक्का मारतो आहे,
माणसं ती तीच असल्याचा.

मी कुणालाच ओळखत नाही.
कायद्यालाही ते ठाऊक आहे,
म्हणून त्याने कागदाच्या डाव्या कोपऱ्यात
एक ओळ छापून ठेवली आहे:
मी सदर इसमास व्यक्तिशः ओळखतो.
खाली सही, तिसऱ्याच माणसाची.
त्याची ओळख मी उसनी घेतो
आणि वर लाल शिक्का मारून
सरकारजमा करतो.

चहाच्या टपरीमागे बाबाराव बसलेला असतो.
पन्नास रुपयांत तो कुणालाही ओळखतो.
बालाघाटचा ठेकेदार, उमरेडची नवी नवरी,
एकदा तर एकाच दुपारी दोन सख्खे भाऊ,
जे एकमेकांना ओळख द्यायला तयार नव्हते.
अशा वेळी मीही मान खाली घालून
शाई वाळायची वाट पाहिली आहे.
खोटं कशाला बोलू.

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं.
पार्बता हेडाऊ आली तांडापेठेतून.
रेशनकार्डावर पार्वती, बँकेत प्रभावती,
नवऱ्याच्या गिरणीच्या पिवळ्या कागदावर
नुसतंच ‘पत्नी’.
“तिघीबी मीच आहो,” म्हणाली,
“तसं लिहून द्या, म्हंजे पैसे निघते.”
बँकेच्या मशीनने तीनदा परत पाठवलेला अंगठा
तिने मला उलटा करून दाखवला.
सुताने रेषा घासून नेल्या होत्या.

ओळखणारं कोणी आहे?
मागे न बघताच तिने बोट मागे केलं.
नत्थुजी सोनकुसरे. टोपी हातात,
नजर ताडपत्रीच्या भोकात.

कसे ओळखता यांना?
“भिंत एक आहे आमची.”
म्हणजे येणंजाणं आहे.
“नाही जी. नालीवरून भांडन झालं,
अकरा वर्षं झाले, बोलत नाही.”
मी पेन खाली ठेवला.
मग, ओळखता कसे?

त्याने टोपी एकदा आतून पाहिली.
“हिचा माग आयकतो नं मी.
चवथ्या ठोक्याले अडखळते.
डावा पाय अधू आहे, पावडीवर उशिरा पडते.
हिचा मालक गेला तवा तेरा दिवस बंद होता.
चवदाव्या दिवशी पहाटेच सुरू झाला,
तं मी अंथरुणातच म्हटलं, चला, आहे.
नाव काय लिहाचं ते तुमी पाहा, साहेब.
बाई हेच आहे.”

पार्बता माझ्या शाईच्या डबीकडे बघत राहिली.
पदर सारखा केला. तो सारखाच होता.

रकाना दोन बोटं रुंद.
चौथा ठोका त्यात मावेना.
मी लिहिलं: शेजारी.
त्याने सही केली, ‘सोनकुसरे’तला प्रत्येक काना
वरच्या रेघेला नीट टेकवत,
लग्नपत्रिकेवर नाव घालावं तशी.
तिने अंगठा उठवला.
निळा, गुळगुळीत, कुणाचाही असू शकेल असा.

पुसायचं फडकं त्याच्या बाजूला होतं.
त्याने ते टेबलावरून सरकवलं,
तिच्याकडे न बघता, अर्ध्यापर्यंत.
बाकीचं तिने ओढून घेतलं.

टपरीमागून बाबाराव डोकावला,
“साहेब, ओळखनारा लागते का?”

मी शिक्क्यावर फुंकर घालत होतो.