बांधकामाचा प्रकार

पेठच्या पुढे जीप सोडावी लागली.
उरलेली वाट पायी, नागलीच्या उतारावरून,
हातात नाशिकहून छापून आलेले फॉर्म,
खिशात भेगा मोजायची पारदर्शक पट्टी.

मंगळवारी पहाटे तीनला जमीन हलली होती.
दिंडोरी रोडवरच्या यंत्राने नोंद घेतली :
कागदावर एक बारीक शहारा.
पाड्याने वेगळी नोंद ठेवली :
कोंबड्या अंधारातच झाडावरून उतरल्या,
मांडणीतली पितळी वाजली,
कुणाला वाटलं, रानडुक्कर अंग घासतंय कुडाला.

पहिलं घर योजनेचं. सिमेंटचं, गुलाबी.
दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भेग निघाली होती,
जिना उतरावा तशी, विटाविटांमधून.
पट्टी लावली. चार मिलिमीटर.
लिहिलं : पक्के.

दुसरं येवाजी गांगोडेचं.
सादड्याचे नऊ खांब, करवीचा कूड,
शेणामातीचा लेप, वर कौलं.
चारही बाजूंनी फिरलो, पट्टी खिशातच राहिली.
लेपाचे दोन-चार पोपडे पडले होते म्हणे,
सुनेने ते तोवर लिंपूनही टाकले होते,
बोटांचे वळसे अजून ओले.

"हाललं का?"
"हाललं ना. लई हाललं.
नाही हालून करतंय काय?"

मग त्याने खांबाला मिठी मारली आणि घर हलवून दाखवलं.
वर तुळईचा कुसू खाचेत करकरला,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.
वाशांना पळसाच्या मुळीची दोरी, धुरानं काळी पडलेली.
"पार घट्ट नाही बसवायचं," तो म्हणाला,
"सांध्यात मुंगी शिरली पाहिजे.
मुंगळा नाही."

एकच वासा चिरला होता, ओसरीच्या कोपऱ्यातला.
तिथे पुतण्याने चार इंची खिळा ठोकलेला,
सौरदिव्याची पेटी टांगायला.
येवाजीने चिरेवर अंगठा ठेवला,
पुतण्याकडे बघितलंही नाही.

लवचीकता.
तिसऱ्या वर्षाला आठ गुणांना आली होती.
मी सळईची आकृती काढली होती,
बाणांसकट.

भिंतीचे साहित्य : विटा, दगड, इतर.
मी 'इतर'वर खूण केली.
बांधकामाचा प्रकार : कच्चे.
नुकसान : निरंक.

"निरंक म्हंजे?" सुनेने विचारलं.
"काही झालं नाही असं."
ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, जरा जोरातच.
येवाजी जवळ सरकला.
"साहेब, एक भेग लिवा की. बारकी."

मी त्याला मुंगीची आठवण करून दिली.
तो हसला नाही.
म्हणाला, वाळवी तुम्ही बघितली नाही, उन्हाळ्यात या.
कौलं दर साली माकडं फिरवतात.
एक खांब बदलायचा तर सादडा कुठला आणू,
वनखातं कोयताच उचलून नेतं.
आणि हिला कुलूप लागेल असं दार पाहिजे.
गुलाबी नसलं तरी चालेल.

शेऱ्यासाठी दीड ओळ होती.
मी लिहिलं : सांधे सैल, म्हणून घर शाबूत.
वरच्या साहेबांनी लाल पेनने दोन शब्द ठेवले,
'सांधे सैल',
बाकी खोडलं.

आता पाथर्डी फाट्याला, चौथ्या मजल्यावर,
महामार्गावरून कंटेनर गेला
की कपाटातले काचेचे पेले किणकिणतात.
बायको झोपेत विचारते, काय शोधतोस.
मी भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे बोट फिरवत असतो.
मुंगीपुरतीही जागा नाही.

परवा येवाजीचा फोन आला.
यादीत नाव लागलं का?
अजून नाही, म्हणालो, आणि बोलायचं म्हणून विचारलं,
घर कसं आहे?

"उभंय," तो म्हणाला.
"त्याचीच तर अडचण आहे."